भागाकाराचं कार्ड

कोशाच्या कचेरीत सगळे तिला आत्या म्हणत. खुद्द संपादकसाहेब तिच्याहून अकरा वर्षांनी मोठे, पण तेसुद्धा आपल्या खोलीतून हाक मारत, "आत्या, 'त्रिज्या' झाली का?" नव्यानं आलेल्या माणसाला पहिले दोन-तीन दिवस हे चमत्कारिक वाटे. आठवडा उलटला की तोही बिनदिक्कत आत्या म्हणायला लागे. हे नाव कुणी पाडलं ते कचेरीतल्या जुन्या माणसांनाच ठाऊक होतं, आणि ती माणसं त्याबद्दल ब्र काढत नसत.

नाव पाडलं होतं चिमीनं. चिमी म्हणजे आत्याच्या थोरल्या भावाची, दादाची, एकुलती एक मुलगी. दादा शाळेत गणित शिकवायचा आणि त्याची शाळा चिमीच्या शाळेपेक्षा तासभर उशिरा सुटायची. वहिनी कामावर. मग ही बया दप्तरासकट धाडधाड जिना चढून कचेरीत यायची आणि अर्ध्या जिन्यातूनच ओरडायची, "आत्याऽऽ!" खालच्या शिंप्यानं एकदा तक्रारही केली होती, की पोरगी ओरडली की माझी शिवण वाकडी जाते. महिन्याभरात सगळी कचेरी आत्या म्हणू लागली. पुढं नवव्या वर्षी चिमी गेली. नाव राहिलं. या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली होती.

कचेरी म्हणजे दोन खोल्या. एका खोलीत साहेब, दुसरीत बाकी सगळं जग. भिंतीला लागून लोखंडी कपाटं, त्यांत अरुंद लांबट खण, खणांत कार्डं. एका शब्दाचं एक कार्ड. वर शब्द, त्याखाली अर्थ, त्याखाली तो शब्द आला कुठून ते, आणि उजव्या कोपऱ्यात एक आकडा. हा आकडा म्हणजे आधार. जे लिहिलंय ते कुठल्या पुस्तकात पाहून लिहिलंय, त्या पुस्तकाचा क्रमांक. आकडा नसलेलं कार्ड छापायला जात नसे, मग ते कुणीही लिहिलेलं असो. असली कार्डं 'आधार हवा' अशी चिठ्ठी लावलेल्या ट्रेमध्ये पडून राहत. काही महिना-दोन महिन्यांत तिथून सुटत. एक कार्ड मात्र चौदा वर्षं तिथंच होतं. ते भागाकाराचं कार्ड होतं आणि त्यावरचं अक्षर दादाचं होतं.

त्याची हकीकत अशी.

दादाकडं प्रत्येक प्रश्नाला उत्तर असे, आणि ते बहुतेक वेळा बरोबरही असे. एके सकाळी तो आरशासमोर दाढी करत होता, तोंडभर फेस. चिमी मागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, भागाकारातला भाग कळला. पण आकार कसला? गोल की चौकोनी?"

दादाला उशीर होत होता. तो आरशातूनच म्हणाला, "चौकोनी."

आता एकदा चौकोनी म्हटल्यावर पुढचं रचणं आलं. दादानं गालावरून वस्तरा फिरवता फिरवता ते रचलं. पूर्वी म्हणे लोक खडे मांडून हिशेब करत. बाराला तीननं भागायचं तर एकेका ओळीत तीन-तीन खडे मांडायचे. ओळी संपल्या की एक लांबट चौकोन तयार होतो. तोच आकार. ओळी किती झाल्या ते मोजलं की उत्तर, म्हणून त्या उत्तराचं नाव भागाकार.

"आणि तेरा खडे असले तर?"

"तर एक आकाराबाहेर. तो बाकी."

चिमी खूश. त्या दिवशी दुपारी तिनं शिंप्याकडून मूठभर बटणं मागून आणली आणि कचेरीच्या फरशीवर आकार मांडत बसली. साहेबांना बोलावून दाखवले, झाडूवालीला दाखवले, आत्याला तर तीन वेळा बघायला लावलं. आत्यालाही ते पटलं होतं. तिला ती रचलेली गोष्ट आहे हे ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दादालाही एव्हाना ती रचलेली वाटत नव्हती. इतकी ती चपखल बसत होती.

घोडं अडलं शाळेत. चिमीनं वहीत हे सगळं लिहिलं. वर्गाच्या बाईंनी लाल फुली मारली आणि सगळ्या वर्गासमोर विचारलं, "हे कुठल्या पुस्तकात आहे?" चिमी म्हणाली, "माझ्या बाबांनी सांगितलंय." वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "मग बाबांना म्हणावं, पुस्तक दाखवा."

घरी आल्यावर चिमीनं विचारलं, "बाबा, खरं आहे ना ते? पुस्तकात आहे ना?"

इथं दादाला मागं फिरता आलं असतं. पोरीचे डोळे सुजलेले होते आणि ती त्याच्याकडं अशी बघत होती, की असल्या वेळी कुठला बाप मागं फिरेल? तो म्हणाला, "आहे की. जुनं पुस्तक आहे. शोधून देतो तुला."

त्यानंतर नऊ दिवसांनी तिला ताप आला. तो मेंदूत गेला. अकरा दिवस ती रुग्णालयात होती आणि शुद्धीवर आली की दोनच गोष्टी विचारायची. घरी कधी जायचं, आणि पुस्तक मिळालं का. दादा म्हणायचा, उद्या आणतो. दहाव्या दिवशीही तो उद्या आणतो असंच म्हणाला.

वर्षभरानं वहिनी माहेरी गेल्या त्या परत आल्या नाहीत. कुणाचं कुणाशी भांडण झालं नव्हतं. दोघांच्या मध्ये बसायला कुणी उरलं नव्हतं, एवढंच.

आणि दादा पुस्तक शोधायला लागला. लोकांना वाटलं दुःखानं डोकं फिरलं. तसं नव्हतं. तो शाळेत नीट शिकवायचा, नीट जेवायचा, विनोद करायचा. फक्त प्रत्येक सुट्टी कुठल्या ना कुठल्या ग्रंथालयात घालवायचा. मोडकळीला आलेली अंकगणितं, हस्तलिखितं, कुणाच्या तरी आजोबांच्या हिशेबाच्या वह्या, काही म्हणून सोडलं नाही. आपण जे खोटं बोललो ते कधीकाळी कुणीतरी खरंच लिहून ठेवलेलं असू शकतं, अशी त्याची आशा होती. शोधताना बाकी खूप काही सापडलं. जुन्या संस्कृत ग्रंथांत भागाकाराच्या उत्तराला 'लब्धी' म्हणत, म्हणजे जे मिळालं ते. लॅटिनमधल्या शब्दाचा अर्थ तर नुसता 'किती वेळा' असा प्रश्न. दादा हे सगळं टिपून आणायचा आणि आत्याच्या टेबलावर आपटायचा. "घे तुझ्या कोशाला. माझं नाही सापडलं."

शाळेतून निवृत्त झाल्यावर तो रोजच यायला लागला. शेवटी साहेब म्हणाले, "मास्तर, येरझाऱ्या घालण्यापेक्षा इथंच बसा." गणिताच्या कोशाचं काम तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. दादा बसला तो चौदा वर्षं बसला. पहिल्याच आठवड्यात त्यानं भागाकाराचं कार्ड लिहिलं, खड्यांची सगळी गोष्ट घालून, आणि उजवा कोपरा कोरा ठेवून साहेबांपुढं ठेवलं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "सुंदर आहे हो. आधार?"

"शोधतोय."

"मग ट्रेमध्ये ठेवा."

दादानं स्वतःच्या हातानं ते ट्रेमध्ये ठेवलं. ते कार्ड का लिहिलं गेलं, हे त्यानं त्या दिवशी घरी जाताना आत्याला पहिल्यांदा सांगितलं. दाढीपासून सगळं. आत्या रस्त्यात थांबली. तिला एकदम त्याचा राग आला आणि तितकीच माया आली, आणि दोन्हींतलं काय आधी बोलावं ते न कळून ती म्हणाली, "छत्री नीट धर, भिजतोयस."

मुद्रितं तपासायचं काम दोघं मिळून करत. त्याची एक जुनी रीत होती. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर बोट फिरवत ऐकायचं. आणि वाचायचं म्हणजे नुसते शब्द नाहीत. जे जे कागदावर दिसतं ते सगळं तोंडानं म्हणायचं, स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस, जाड अक्षर, सगळं. वेळ वाचवायला त्यांनी त्याची लघुरूपं केली होती. स्वल्प, अर्ध, पूर्ण, कंस उघड, कंस बंद, ठळक. परक्या माणसानं ऐकलं तर त्याला वाटावं दोघं भावंडं मंत्रतंत्र करताहेत. ही खोड इतकी अंगात मुरली होती, की आत्या वाण्याच्या यादीतसुद्धा साखर स्वल्प चहा स्वल्प साबण पूर्ण असं वाचायची आणि वाणी बिचारा विचारायचा, पूर्ण म्हणजे केवढा साबण?

दादासारखा कडक तपासनीस नव्हता. एकदा आत्यानं एका पुस्तकाचं साल आठवणीतून घातलं. सोळा पानं छापून झाली आणि दादाला त्या सालात चार वर्षांची चूक सापडली. साहेब म्हणाले, शुद्धिपत्रात घालू. दादा अडून बसला. सोळाच्या सोळा पानं पुन्हा छापायला लावली. साहेबांनी हात टेकले, छापखान्यानं शिव्या घातल्या आणि दादानं आत्याला सगळ्यांदेखत सांगितलं, "आठवणीतलं घालत जाऊ नकोस. बघून घालत जा." तिला तेव्हा रडू कोसळलं होतं. तो मात्र आपला बोट फिरवत पुढच्या ओळीवर गेलेला.

मग दादाचे डोळे गेले. साखरेनं आधी डोळे नेले आणि मग मूत्रपिंडं. यंत्रावर जायला त्यानं साफ नकार दिला. आत्यानं त्याला आपल्या घरी आणलं, बाहेरच्या खोलीत खिडकीशी खाट टाकली. डॉक्टर म्हणाले, महिने नाहीत, आठवडे म्हणा. दादा म्हणाला, "किती आठवडे ते विचार. 'भ' छापायला कधी जातोय?"

कोश अक्षरांच्या क्रमानं छापला जात होता आणि गाडी 'फ'पर्यंत आली होती.

"जाईल एवढ्यात," आत्या म्हणाली.

"माझ्या कार्डाचं बघ."

"दादा, आधार नाही त्याला."

"बावीस वर्षं शोधला. सापडला नाही म्हणजे नव्हताच असं होत नाही."

"हे असं शिकवायचास का वर्गात?"

"नाही. वर्गात उलटं शिकवायचो." तो हसला आणि हसताना त्याला धाप लागली. ती ओसरल्यावर म्हणाला, "हे बघ, मेल्यावर कुणी कुणाला भेटत नाही हे मला कळतं. येडा नाही झालो मी. पण तिला पुस्तक दाखवतो म्हणून सांगितलंय मी. ते नाही सापडत तर आपण छापू ते पुस्तक. छापलं की झालं ना ते पुस्तकातलं? मला हातात धरू दे एकदा. मग कधीही जाईन."

आत्या "बघते" म्हणाली. त्या घरात त्या दिवसापासून हा एकच शब्द चालला. दादा विचारायचा, आत्या म्हणायची बघते.

'भ'चं शेवटचं मुद्रित आलं त्या दिवशी साहेब सही करून लवकर घरी गेले होते. भागाकाराची नोंद त्यांनी स्वतः लिहिली होती. अर्थ नीट दिलेला, लब्धीचा उल्लेख, लॅटिनचा उल्लेख, आणि शेवटी व्युत्पत्ती अनिश्चित. चूक काढायला जागा नव्हती. आत्यानं ट्रेमधून दादाचं कार्ड काढलं. चौदा वर्षांत त्याच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. ते घेऊन ती संगणकावर बसलेल्या जुळणीवालीकडं गेली.

"यात एक ओळ घालायची आहे. मी सांगते, तू टाक."

जुळणीवाली तिशीतली, तोंडानं वाचाळ आणि हातानं तरबेज. आत्यानं सांगितलं आणि पडद्यावर ओळ उमटली. 'पूर्वी खडे समान ओळींत मांडून भाग करीत; त्या मांडणीच्या आकारावरून.' आत्या बघतच राहिली. इतकी वर्षं हातानं लिहिलेली ओळ छापाच्या अक्षरात किती खरी दिसत होती! साहेबांची सही झालेली. छापखान्यात कागद न्यायचा तो आत्यानंच. कुणाला कळलं असतं? कळायच्या आत दादाच्या हातात पान पडलं असतं.

"अय्या, कसलं गोड आहे!" जुळणीवाली म्हणाली. "मी आमच्या पोरीला सांगणार हे आजच. तिचं भागाकाराशी जमतच नाही." आणि कळफलकावर बोटं ठेवून तिनं सहज विचारलं, "कितवा आधार टाकू?"

आधारांची यादी तीनशे बारा पुस्तकांची होती. आत्यानं तोंड उघडलं. एकशे चौदा म्हणावं, दोनशे सात म्हणावं, कोण जातंय बघायला? पण त्या तीनशे बारातलं प्रत्येक पुस्तक दादानं हाताळलेलं होतं. आणि उद्या या बाईची पोरगी वर्गात उभी राहून सांगणार, पुस्तकात आहे. तिची बाई म्हणणार, दाखव. ती दाखवील. मग त्या बाई आणखी चाळीस पोरांना सांगतील. कधीतरी कुणी एकशे चौदावं पुस्तक उघडून बघेल आणि मग कोशातल्या उरलेल्या सगळ्या शब्दांकडं संशयानं बघेल. चौदा वर्षांचं दादाचं सगळं काम त्या एका ओळीनं खोटं पडलं असतं.

"आत्या? आकडा?"

"काढून टाक ती ओळ."

"का हो? चांगली होती की!"

"काढ म्हणते ना!" आत्या खेकसली. ती कधी खेकसत नसे. जुळणीवालीनं निमूटपणे ओळ पुसली. आत्यानं स्वच्छतागृहात जाऊन दार लावून घेतलं आणि नळ सोडून ठेवला.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी छापखान्यातून छापलेल्या कागदाचा पहिला तक्ता आला. आत्यानं भागाकाराचं पान कापून घेतलं आणि घरची वाट धरली. रस्ताभर तिनं स्वतःला पढवलं. दादाला दिसत नाही. त्याच्या हातात पान द्यायचं, नोंद वाचून दाखवायची, आणि शेवटी ती ओळ म्हणायची. ती तर तिला तोंडपाठ होती. छापायचं पाप केलं नाही, मग एवढं बोलायला काय हरकत आहे? मरणाऱ्या माणसाशी एक वाक्य खोटं बोललं तर कुणाचं काय बिघडणार होतं?

शेजारीणबाई दादापाशी बसल्या होत्या. आत्याला पाहून त्या उठल्या आणि डोळ्यांनीच सांगितलं की आज बरं नाही. त्या गेल्यावर आत्या खाटेच्या कडेला टेकली. दादाचे पाय सुजून चकाकत होते.

"आला," आत्या म्हणाली. "'भ' आला."

दादानं दोन्ही हात पुढं केले. तिनं पान त्यांवर ठेवलं. त्यानं ते नाकाशी नेलं, शाईचा वास घेतला, अंगठ्यानं कागदाचा जाडपणा चाचपला. "कागद बरा वापरलाय चिक्कूंनी," तो म्हणाला. मग पान तिच्याकडं दिलं. "वाच."

आत्यानं घसा साफ केला.

"भागाकार ठळक कंस उघड पु पूर्ण कंस बंद एक पूर्ण एका संख्येला दुसरीने भागण्याची क्रिया पूर्ण दोन पूर्ण त्या क्रियेचे उत्तर अर्ध भाज्यात भाजक किती वेळा जातो हे दाखवणारी संख्या पूर्ण जुन्या संस्कृत ग्रंथांत लब्धी स्वल्प म्हणजे मिळालेले अर्ध लॅटिनमधील शब्दाचा अर्थ किती वेळा पूर्ण"

दादा डोळे मिटून ऐकत होता. चादरीवर त्याचं बोट जुन्या सवयीनं डावीकडून उजवीकडं सरकत होतं. आत्यानं श्वास घेतला.

"पूर्वी खडे समान ओळींत मांडून भाग करीत त्या मांडणीच्या आकारावरून."

बोट थांबलं.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आत्याला वाटलं त्याला आनंद झालाय, म्हणून तो थांबलाय. ती त्याच्या तोंडाकडं पाहत राहिली.

"अर्ध कुठं गेलं?" दादा म्हणाला.

"काय?"

"करीतनंतर अर्धविराम आहे. मी घातलाय. आणि शेवटी पूर्ण नाही म्हटलंस." तो हळू बोलत होता, रागावला नव्हता. "बाकी सगळं वाचलंस आणि एवढंच बोललीस. हे कागदावर नाहीये."

पन्नाशी उलटलेली बाई, पण चोरी पकडलेल्या पोरासारखे तिचे कान तापले. "दादा, मी घालायला गेले होते रे," ती म्हणाली.

"आकड्यापाशी अडलीस."

"हो."

"हं." त्यानं मान हलवली. त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं. ते त्यानं पुसलं नाही. "मला वाटलंच होतं. तुझ्याच्यानं नाही व्हायचं ते. माझ्याच हाताखाली तयार झालीस ना, भोगतो आता मी." तो हसायला गेला, पण ते साधलं नाही. "काय छापलंय तिथं? वाच. नीट वाच."

आत्यानं पान डोळ्यांजवळ नेलं. अक्षरं पुसट झाली होती, दोष छपाईचा नव्हता.

"व्युत्पत्ती अनिश्चित पूर्ण."

"पुन्हा."

"व्युत्पत्ती अनिश्चित पूर्ण."

"अनिश्चित म्हणजे काय?" दादानं विचारलं. तो आवाज आत्याला ओळखीचा होता. वर्गात एखाद्या पोरानं पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं की तो हेच विचारायचा, म्हणजे काय? स्वतःच्या शब्दांत सांग.

"म्हणजे माहीत नाही," आत्या म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग हे का नाही आलं माझ्या तोंडात?" तो म्हणाला. आता तो रडत होता, तोंड उघडं टाकून, आवाज न करता. आत्यानं त्याला चिमीच्या वेळीसुद्धा असं रडताना पाहिलं नव्हतं. "पोरीनं साधं विचारलं गं. माहीत नाही म्हटलं असतं तर ती म्हणाली असती बरं, आणि खेळायला गेली असती. वर्गात हसं झालं नसतं तिचं. अकरा दिवस माझी वाट बघत नसती बसली. ती पुस्तक मागायची आणि मी उद्या म्हणायचो. दहा वेळा उद्या म्हटलं. एकदासुद्धा हे नाही म्हणालो."

आत्यानं त्याचा हात धरला. त्यानं धरू दिला. थोड्या वेळानं त्यानं मान खाटेच्या उजव्या अंगाला वळवली. तिथं कुणी नव्हतं, भिंत होती. दादा चिमीशी बोलायचा त्याच आवाजात बोलला.

"चिमे, मला माहीत नाही गं."

आणि तो थांबला. वर्गात उत्तर दिल्यावर मुलांना आणखी काही विचारायचंय का म्हणून थांबायचा, तसा थांबला. खोलीत एकटी आत्या होती, आणि तिला विचारण्यासारखं काही सुचत नव्हतं.